न वाजणारी माणसं

३ जून

प्रिय भिंगरी,

फोन मुद्दामच केला नाही. फोनवर आपण दोघी दुसऱ्या वाक्यापर्यंत बऱ्या असतो, तिसऱ्यापासून एकमेकींचं ऐकतच नाही. पत्रात तुला मला मध्येच तोडता येणार नाही, एवढाच माझा स्वार्थ.

बाबा ठीक आहेत. जिन्यावरून थोडे घसरले, हाडबिड काही मोडलं नाही. पण आता त्यांनी दुकानाच्या वर एकट्यानं राहायचं नाही, असं मी ठरवलंय. ते नको म्हणाले. तरी मी ठरवलंय. खालचं चष्म्यांचं दुकान आणि वरच्या खोल्या शेजारच्या औषधवाल्याला हव्याच होत्या, सप्टेंबरअखेर जागा त्याला द्यायची आणि बाबा माझ्याकडे यायचे. तुझे भावोजी म्हणाले, "येऊ देत की. निदान माझा चष्मा कुठे ठेवलाय ते सांगणारं कुणीतरी घरात असेल." बाबांना हे सांगितलं तर ते हसले नाहीत, पण "त्याचा नंबर वाढलाय, बघावा लागेल," असं म्हणाले. म्हणजे तयार आहेत.

बाबांना सामावून घेणं अवघड नाही. अवघड आहे ती त्यांची मंडळी.

आठवतात ना तुला सगळे? मी रोज दुपारी शाळेची लायब्ररी बंद करून तिकडे जाते आणि एकेकाला खाली उतरवून पुसते. चिनी मातीचा माकडांचा वाद्यवृंद, त्यातला तो फुगऱ्या गालांचा ढोलवाला, ज्याला आई बाबांच्या मामेभावाच्या नावानं हाक मारायची. बासरी वाजवणारा मेंढपाळ. गाल फुगवून तुतारी फुंकणारा पितळी देवदूत. डोक्यावर घड्याळ घेऊन वीणेसारखं काहीतरी छेडत बसलेली ती जाडी बाई. सगळे आपापल्या जागी, आपापलं वाजवतायत. आईचं ते वाक्य काल एकदम आठवलं आणि मी स्टुलावर उभी राहून एकटीच हसले. "घरात एवढे वाजवणारे, आणि एकालाही जेवायला वाढावं लागत नाही."

पुसताना हाताला जोड लागतात. इतकी वर्षं झाली तरी बोटांना कळतं, इथे बाबांनी काम केलंय. तुतारी म्हणजे चष्म्याची काडी वाकवून केलेली. वीणेच्या तारा म्हणजे अर्ध्या फ्रेमच्या चष्म्यात काच धरून ठेवतो तो नायलॉनचा दोरा. सगळ्या गावाचे डोळे सुधारून उरलेल्या सामानातून आपलं घर वाजतं झालं होतं.

रविवारची धूळकाकांच्या दुकानातली ती सकाळ आठवते? जुन्या सामानाच्या ढिगात बाबांना एखादी मूर्ती सापडायची, कधी हात नाही, कधी वाद्य नाही. बाबा ती उचलून उजेडात धरायचे आणि आपल्याकडे वळून म्हणायचे, "उभ्या राहा." मग आपण तिच्यासारख्या उभ्या. फुंकणारी असली की मी, तारांची असली की तू. सगळं गिऱ्हाईक बघतंय आणि आपण हवेत बोटं धरून पुतळा झालोय. "श्वास घे. मान दुखते का? खांदा भरून येतो का?" दुखलं तर म्हणायचे, "खोटी आहे. करणाऱ्यानं कधी वाजवणारा पाहिलाच नाही." आणि मूर्ती परत ढिगात. घरात एका जागी न टिकणारी तू तिथे मात्र पापणी हलवायची नाहीस. धूळकाका म्हणायचे, "हिला आत काचेत ठेवू का? चांगली विकली जाईल."

तुला यातलं काही हवं असेल तर कळव. नाहीतर मी कुणीतरी सगळं एकत्र घेणारा बघते. विखरून जाऊ नयेत असं वाटतं.

आणि हो. कामाच्या टेबलावर एक बाई आहे, ती तू पाहिलेली नाहीस. तू घर सोडून गेल्यानंतर आली. हनुवटीखाली व्हायोलिन, मान किंचित कललेली, आणि उजवा हात खांद्यापासूनच नाही. तिला बाबा गुंडाळू देत नाहीत. "तिचं काम व्हायचंय," म्हणतात.

तुझी,
ताई

२१ जून

प्रिय भिंगरी,

तुझं उत्तर मिळालं. "मला काही नको. तुला योग्य वाटेल ते कर." एवढ्या लांबून एवढंसं पत्र! असो. तिकीट तरी छान लावलंस.

मला योग्य वाटेल ते करायला मी धूळकाकांना बोलावलं. ते आता थकलेत, जिना चढून आले आणि आधी पाणी मागितलं. मला अजून "पावा" म्हणतात. "काय गं पाव्या, पिकलीस की!" मी म्हटलं, "काका, तुमच्या दुकानात एवढी वर्षं उभी होते, धूळ बसली असेल." खूप हसले.

तर बातमी चांगली आहे. त्यांच्या ओळखीची एक संगीतशाळा आहे. नवीन इमारत झालीय, दारातून आत गेल्यावर दोन्ही बाजूंना काचेची कपाटं केलीत, आणि त्यात ठेवायला त्यांना अशाच मूर्ती हव्यात. सगळ्या. एकत्र. मला तर रडूच यायला लागलं. माकडांसकट सगळे एका संगीतशाळेत राहायला जाणार!

मग काका भिंग घेऊन एकेक मूर्ती बघायला बसले. बाबा आत पडले होते. काका बघत गेले, "वा" म्हणत गेले, आणि मग एकदम थांबले. उठले आणि वेगवेगळ्या फळ्यांवरून व्हायोलिनवाले तेवढे काढून टेबलावर ओळीनं मांडले. टोपीवाला म्हातारा. घेरदार झग्यातली मुलगी. लाकडाचा तो लंगडा भिकारी. आणखी कितीतरी.

"हे कुणी दुरुस्त केलेत?"

"बाबांनीच. दुसरं कोण करणार?"

"त्याचा हात मला माहीत नाही का? मग हे काय केलंय?" त्यांनी भिंगाच्या दांड्यानं दाखवलं. "कोपर बघ, बरगडीला चिकटलंय. मनगट पडलंय. गज तारांवर आडवा, सरळ जायचा तर त्याचं टोक मागे, खांद्याकडे पळतंय. एकाचं चुकलं असतं तर म्हटलं असतं, माणूस आहे. पण सगळ्यांचं? आणि तेही एकसारखं?"

मी लंगड्या भिकाऱ्याला उचलून उजेडात धरलं.

"शाळेची पोरं रोज जाता-येता हे बघणार, पाव्या. असा गज धरायला शिकली तर तिथले गुरुजी मला फाडून खातील." मग जरा मवाळ झाले. "असं कर. ही मनगटं आणि गज काढून दे. मोडकी असली तरी चालतात, मोडकी उलट जुनी वाटतात. चुकीची जोडलेली चालत नाहीत."

ते गेल्यावर मी त्या ओळीकडे बघत बसले. मग फळीवरून अजून काही उतरवले, तू घरात असतानाच्या काळातले, ज्यांच्यासाठी तू स्वतः दुकानात उभी राहिली होतीस. ते सगळे बरोबर आहेत. गज सरळ, कोपर मोकळं. तेव्हा बाबा प्रत्येकाचा हात आधी कागदावर काढून, मोजून बसवायचे. चुकलेत ते सगळे तुझ्यानंतरचे.

मग मी आपलं जुनंच केलं. उभी राहिले. लंगड्या भिकाऱ्यासारखी. कोपर बरगडीला टेकवलं, मनगट सोडलं, गजाचं टोक मागे जाऊ दिलं. अंगाला काही ओळखीचं वाटलं नाही, मी फुंकणारी. पण खिडकीच्या काचेत माझी आकृती दिसली आणि मी तशीच थांबले. ती मी पाहिलेली होती. पलंगावर पोटावर पडून मी गणितं करायचे आणि त्याच खिडकीत पाठमोरी उभी राहून तू तास न् तास तेच ते वाजवायचीस. आई आतून ओरडायची, "अगं, पुढचं वाजव आता, हे मला पण यायला लागलं!"

भिंगरी, तो तुझा हात आहे. त्या सगळ्यांना तुझा हात आहे.

ताई

२ जुलै

प्रिय भिंगरी,

तुझं काहीच आलं नाही. मी समजू शकते. नाही, खरं तर समजू शकत नाही, पण असं लिहायची पद्धत आहे.

तो दिवस मीही विसरलेले नाही. तुझा कार्यक्रम संपल्यावर सभागृहाबाहेरचा तो लांब बोळ, हातात फुलं, तुझे सर, सरांचे ओळखीचे लोक, सगळे तुला काही ना काही चांगलं म्हणतायत. आणि आपले बाबा पुढे आले आणि सगळ्यांच्या देखत दोन बोटांनी तुझं कोपर वर उचललं. गिऱ्हाइकाच्या नाकावरची फ्रेम सरळ करतात तसं. "हे असं हवं. खांदा खोटा पडतोय तुझा."

तू विचारलंस, "पण ऐकायला कसं वाटलं?"

आणि ते म्हणाले, "ऐकायचं राहिलं. मी हात बघत होतो."

आई असती तर तिनं दोघांच्या मध्ये काहीतरी ठेवलं असतं. चहाचा कप, एखादा टोमणा, काहीही. आई नव्हती आणि मी फुलं सांभाळत उभी होते. तू म्हणालीस, "तुम्हाला न वाजणारीच माणसं आवडतात, बाबा. ती कधी चुकत नाहीत ना." इतकं हळू म्हणालीस की सरांनाही ऐकू गेलं नसेल. बाबांना गेलं.

आता तेवढ्यासाठी लिहीत नाही. पुढचं ऐक.

रविवारी मी बाबांना विचारलं. ते टेबलाशी बसून त्या हात नसलेल्या बाईच्या खांद्यावरून बोट फिरवत होते. मी म्हटलं, "बाबा, धूळकाका म्हणाले, गज चुकलेत."

"चुकलेतच."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मला कळणार नाही तर कुणाला कळेल?"

"मग मुद्दाम केलंत?"

"मुद्दाम कोण चुकतं गं? बरोबरच करायला बसायचो. तार वाकवली, पुट्टी चढवली, हात धरून ठेवला, की वाळेपर्यंत तसा व्हायचा."

"पण यावरूनच तर तुम्ही तिला..."

"हो. यावरूनच." मग बराच वेळ त्या बाईच्या खांद्यावर त्यांचं बोट फिरत राहिलं. मला वाटलं, संपलं बोलणं. तर म्हणाले, "मग कुणासारखं वाजवायचं त्यांनी? मी दुसरं कुणाला रोज वाजवताना पाहिलंय?"

मी आत जाऊन उगाच भांडी घासली.

पहिल्या पत्रात मी "बाबा ठीक आहेत" लिहिलं होतं. ते ठीक आहेत, पण जिन्यावरून ते घसरले कारण त्यांना पायरी दिसली नाही. डोळ्यांचा पडदा झिजतोय. मधलं जातं आणि कडेचं राहतं. डॉक्टर समजावून सांगायला लागले तर बाबा म्हणाले, "मला सांगू नका, मी हे जन्मभर लोकांना सांगत आलोय." समोर बघितलं की मध्ये राखाडी डाग. त्या डागात माझा चेहरा असतो. उपाय नाही. पुट्टीचं बारीक काम अजून काही महिने जमेल, मग नाही.

आणि ही टेबलावरची बाई त्यांना त्याआधी पुरी करायचीय. पण होत नाही. "कोपर अगदी टेकलेलं असायचं की जरासं सुटं?" असं मला विचारत होते. "परवापरवापर्यंत आठवत होतं. आता हात लावला की दुसऱ्याच कुणाचा तरी हात व्हायला लागतो." दोनदा तयार केलेला हात त्यांनी मोडून टाकलाय. मला म्हणाले, उभी राहा. मी राहिले. बाबांनी हात लावून बघितला आणि प्रेमानंच म्हणाले, "नको. तू पाव्याची."

भिंगरी, तू ये. वाजवायला नको. बोलायलाही नको. या खोल्या आपल्या आहेत तोवर ये आणि नुसती खिडकीत उभी राहा.

ताई

२० जुलै

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र मी लायब्ररीत वाचलं, मग शाळेच्या मागच्या जिन्यात बसून पुन्हा वाचलं. एवढं मोठं पत्र तू मला कधी लिहिलं नव्हतंस.

खांदा असा धरला हे तू आम्हाला एका शब्दानंही कळवलं नाहीस. हात कमरेच्या वर जात नाही, तर केस कोण विंचरून देतं तुला? मला वाटायचं, तू इतकी वाजवण्यात असतेस की पत्र लिहायला वेळ मिळत नाही. आणि तू ज्या वाद्यवृंदात वाजवायचीस त्याच्याच कचेरीत बसून दुसऱ्यांच्या खुर्च्या आणि स्टँड मोजतेयस. त्याबद्दल तू गमतीनं लिहिलंयस. मी गमतीनं वाचलं नाही.

"बाबांना सांगू नकोस. 'मी सांगितलं होतं' हे ऐकायला मी एवढा प्रवास करणार नाही."

सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. पण ते असं म्हणणार नाहीत, याची हमी मी देऊ शकत नाही. आपले बाबा आहेत ते. मी मध्ये उभी राहीन, या वेळी हातात फुलं घेणार नाही, एवढं नक्की.

धूळकाकांना मी कळवलंय की गज काढणार नाही. बाकी सगळे न्या, माकडं न्या, मेंढपाळ न्या, तुझ्यानंतरचे व्हायोलिनवाले माझ्याकडे राहतील. काका चिडले. "सुटे ठेवून काय करणार आहेस? दोन खोल्यांचं घर तुझं!" मी म्हटलं, कपाटावर ठेवीन, फ्रीजवर ठेवीन. तुझ्या भावोजींनी ते ऐकलं. "म्हणजे रात्री गुपचूप दही खायला गेलो की सगळे बघणार," एवढंच म्हणाले आणि कपाटाचं माप घ्यायला टेप शोधायला लागले. माझा नवरा वाईट नाही, बरं का. तू लग्नात त्याच्याबद्दल जे म्हणाली होतीस ते मी अजून त्याला सांगितलेलं नाही.

सप्टेंबरमध्ये येतेयस ते वाचून मी बाबांना फक्त "येतेय" म्हटलं. त्यांनी टेबलावरचा पसारा आवरायला घेतला.

एक मात्र आधीच सांगून ठेवते, नीट लक्षात ठेव. तू दारातून आत येशील तेव्हा बाबा तुझ्यावरून तोंड फिरवतील. खिडकीकडे, नाहीतर भिंतीकडे. ते रागानं नाही. त्यांना समोरचं दिसत नाही, कडेचं दिसतं. ज्याच्याकडे बघायचं असेल त्याच्यापासून त्यांना मान वळवावी लागते. मलाही सवय व्हायला वेळ लागला. आधी वाटायचं, माझं काय चुकलं? आता ते माझ्याशी बोलताना समोर बघत असले की मला कळतं, लक्ष नाही.

तर ते तोंड फिरवतील. तू परत जिना उतरू नकोस.

ताई

११ ऑक्टोबर

प्रिय भिंगरी,

तू पोहोचल्याचं कळलं. इथे आम्ही लागलोय मार्गी. बाबांना खिडकीजवळची जागा दिलीय, तुझ्या भावोजींचा नंबर खरंच वाढला होता, आणि फ्रीजवर पाच आहेत, बाकीचे कपाटावर. दार जोरात लावलं की सगळे मिळून थरथरतात.

तुला सांगायचंय ते वेगळंच. तू दुकानावरच्या खोल्यांत आलीस तेव्हा बाबांचा चेहरा तुझ्या बाजूला नव्हता. मी दाराशी होते, मला दिसत होता. म्हणून मी काय पाहिलं ते लिहिते. बाकीचं तुला माहीत आहे, तरी लिहिते, लिहिल्याशिवाय मला राहवणार नाही.

तू उंबऱ्यात थांबलीस. मी एवढं बजावूनही थांबलीस. बाबा उठले आणि त्यांनी तोंड खिडकीकडे केलं. मला तुझी पाठ दिसत होती, ती ताठ झालेली. आणि पलीकडे बाबांचा चेहरा, लक्ष सगळं तुझ्याकडे लागलेलं, फक्त डोळे खिडकीबाहेर. मग ते म्हणाले, "केस कापलेस."

तेव्हा तू आत आलीस.

चहा झाला, प्रवासाचं बोलणं झालं, संपलं. फळ्या रिकाम्या होत्या, माकडं आदल्या आठवड्यातच संगीतशाळेत गेली होती, त्यामुळे कप ठेवला तरी खोलीभर आवाज व्हायचा. बाबा म्हणाले, "उभी राहतेस?" तू खिडकीत गेलीस. डावा हात वर घेतलास, हनुवटी कलली, सगळं जसंच्या तसं. आणि उजवा हात कमरेपर्यंत आला आणि थांबला.

बाबा जवळ आले. दोन बोटं तुझ्या कोपराखाली गेली. तीच दोन बोटं, भिंगरी. त्यांनी अगदी हलकं वर उचलून बघितलं. हात येत नाही हे त्यांच्या बोटांना कळलं, ते क्षणभर मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. ते तू पाहिलं नाहीस ते बरं झालं. मग त्यांनी दोन बोटं काढून घेतली आणि सगळा तळवा तुझ्या कोपराखाली धरला. वजन घेतल्यासारखा.

"कधीपासून?"

"झाली काही वर्षं."

"दुखतं?"

"आता नाही. आता नुसतं वर जात नाही."

मी पुढे व्हायला निघाले होते. ते वाक्य आता येणार आणि मी मध्ये पडून काहीतरी वेडंवाकडं बोलणार, एवढंच डोक्यात होतं. बाबांनी घसा खाकरला. म्हणाले, "काही वाजवलेलं आणलंयस का? माझं ऐकायचं राहिलंय."

तू बराच वेळ तुझ्या फोनमध्ये शोधत होतीस. सापडत नव्हतं म्हणून नाही, हे मला कळत होतं. बाबा पुस्तकांच्या खोक्यावर बसले, डोळे मिटून. बघायला हात नव्हताच. रिकाम्या खोलीत ते व्हायोलिन केवढं मोठं झालं! तू भिंतीला टेकून जमिनीवर बसलीस, मी दाराशी. संपल्यावर कुणीच उठलं नाही. खालून औषधवाल्याचा माणूस किल्ल्यांबद्दल काहीतरी विचारत होता, त्यालाही कुणी ओ दिली नाही.

शेवटी तूच म्हणालीस, "मध्ये एके ठिकाणी चुकलेय."

"असेल," बाबा म्हणाले. "मला कळलं नाही."

आता तुला माहीत नाही ते.

इकडे आल्यावर पहिल्याच आठवड्यात बाबांनी त्या बाईला माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर घेतलं. मला म्हणाले, तार वाकवून दे, बाकी मी बघतो. बघतो म्हणजे बोटांनीच. मी बाजूला भाजी निवडत होते. मला वाटलं होतं तुझं ते जुनं कोपर येईल, टेकलेलं की सुटं ते आता ठरलं असेल. पण तार मी वर वाकवायला लागले तर म्हणाले, "नको. सरळ." पुट्टी चढत गेली, आणि हात खाली येत गेला. खांद्यापासून सरळ खाली, सैल, बोटं मांडीपाशी. मग त्यांनी डबा उघडून गजासाठी काडी काढली. तपकिरी, बारीक, टोकाशी दाताच्या खुणा. तुझ्या सहावीतल्या चष्म्याची. चावायचीस ना तू, आई ओरडायची. ती काडी त्यांनी त्या बोटांत दिली, टोक जमिनीकडे.

व्हायोलिन अजून हनुवटीखालीच आहे. मान तशीच कललेली. फक्त हात खाली आलाय.

तिला बाबांच्या खिडकीत ठेवलंय. काल शेजारच्या वहिनी वाटी परत द्यायला आल्या आणि फ्रीजपासून सुरुवात करून सगळ्यांना बघत बघत खिडकीपर्यंत गेल्या. तुला माहीत नाही, पण त्यांचा आवाज तीन मजले खाली जातो.

"अय्या! सगळे वाजवतायत आणि ही एकटीच नाही वाजवत होय हो?"

बाबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं, म्हणजे त्या बाईकडे बघितलं.

"आत्ताच थांबलीय," म्हणाले. "जरा हळू बोला."

तुझी,
ताई